काडीमोल

एखाद्याला छंद आहे असे कळले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रथम कौतुक दिसते, आणि छंद कशाचा ते कळले की कौतुकाची जागा काळजी घेते. बागेचा, गाण्याचा, डोंगर चढण्याचा छंद असेल तर कुणी काही म्हणत नाही. तिकिटे नि नाणी जमवणारांनाही समाजाने आता आपल्या पंक्तीला बसवून घेतले आहे. पण "मी आगकाड्या ठेवायच्या जुन्या चांदीच्या डब्या जमवतो" असे मी सांगतो, तेव्हा समोरचे गृहस्थ क्षणभर गप्प होतात आणि फार जपून विचारतात, "आपण विडी-सिगरेट ओढता?" मी ओढत नाही. उभ्या आयुष्यात कधी ओढली नाही. "मग?" असे ते विचारतात. या दोन अक्षरांत फार मोठा प्रश्न दडलेला असतो, आणि दारातल्या दारात त्याचे उत्तर देता येत नाही. दिवाळी अंकाचा वाचक फराळाचे ताट शेजारी घेऊन निवांत बसलेला असतो. त्याला मात्र ते सांगता येईल.

माझ्याजवळ अशा त्रेचाळीस डब्या आहेत. सगळ्या चांदीच्या. सोन्याची एकही नाही, कारण शाळामास्तराच्या निवृत्तिवेतनात सोन्याची डबी बसत नाही. सोन्याच्या मी दोन पाहिल्या आहेत, आणि त्याही दुसऱ्यांच्या कपाटाच्या काचेतून. त्या होत्या नऊ कॅरट सोन्याच्या, म्हणजे हजारात तीनशे पंचाहत्तर भाग सोने नि बाकीची भेसळ. माझ्या ओळखीच्या सोनाराला हे सांगितले तेव्हा त्याने असे नाक मुरडले की जणू कुणी त्याला पाणी घातलेले दूध पाजले होते! बावीस कॅरटावर पोसलेल्या आपल्या लोकांना साहेबाचे हे सोने सोने वाटत नाही. असो. माझ्या त्रेचाळीस डब्या कपाटाच्या एका खणात राहतात. एकेक डबी फार तर दोन-अडीच इंच लांब, बोटभर जाड, वजनाला दोन तोळ्यांच्या आतबाहेर. सगळा संग्रह शबनम पिशवीत मावेल एवढाच; पण त्यात एका शतकाची आग भरलेली आहे.

आता कुणी म्हणेल, काडीसारखी क्षुद्र वस्तू आणि तिला चांदीचे घर! खरेच आहे. आपल्या भाषेने काडीला कधी मान दिलाच नाही. ज्याची काही किंमत नाही ते काडीमोल. नवरा-बायकोचे फाटले तर काडीमोड. भांडण लावणारा काडी टाकतो किंवा काडी लावतो. बुडत्याला शेवटी मिळतो तोही काडीचाच आधार, म्हणजे नसल्यासारखा. एका ठिकाणी मात्र भाषेला काडीची दया आली आहे. संसार काडी काडी जमवूनच उभा राहतो असे ती म्हणते. चिमणीचे घरटे आणि माणसाचे घर यांच्यापुरता काडीचा मान राखला आहे. ही गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

ही डबी का निर्माण झाली याची हकिकत गमतीची आहे, तशीच भयंकरही आहे. इंग्लंडात स्टॉक्टन नावाच्या गावी जॉन वॉकर नावाचा एक औषधविक्या होता. त्याने १८२७ साली घासून पेटणारी काडी विकायला काढली. काडीच्या टोकाला अँटिमनीचे गंधकयुक्त क्षार, पोटॅशियम क्लोरेट आणि डिंक यांचा लगदा. दुमडलेल्या काचकागदात ती धरायची आणि खसकन ओढायची, की भडका! या शोधाचे पेटंट घ्या असे त्याला लोकांनी सांगितले, पण त्याने घेतले नाही. शाळेत रसायनशास्त्र शिकवताना मी मुलांना ही गोष्ट नेहमी सांगत असे. जगाला खिशातला विस्तव देणारा माणूस स्वतः आयुष्यभर दुकानाच्या फळीमागेच उभा राहिला.

पुढच्या दशकात काडीच्या टोकाला पांढरा फॉस्फरस आला आणि काडी फारच तापट झाली. भिंतीवर घासा, जोड्याच्या तळव्यावर घासा, दगडावर घासा, ती पेटणारच. तेवढ्यावर ती थांबली असती तरी चालले असते. पण कोटाच्या खिशात नुसती एकमेकींवर घासूनही ती पेटू लागली. घोड्यावरून चाललेल्या सभ्य गृहस्थाच्या खिशातून अचानक धूर निघणे हे काही सभ्यपणाचे लक्षण नव्हे. म्हणून या काड्यांना घट्ट झाकणाची धातूची डबी हवी झाली. मेणाच्या बारीक काड्यांना इंग्रज लोक वेस्टा म्हणत. वेस्टा ही रोमन लोकांची चुलीची देवता. त्यावरून डबीचेही नाव वेस्टाची डबी असे पडले. चूलदेवतेला साहेबाने घड्याळाच्या साखळीला बांधून खिशात घातले, असे म्हणायला हरकत नाही.

डबीची रचना साधी, पण कारागिराची परीक्षा पाहणारी. वर बिजागरीचे झाकण. ते मिटताना बारीकसा 'टिच्' असा आवाज आला पाहिजे, आणि तो शंभर वर्षांनीही आला पाहिजे. बुडाशी कानशीसारखे बारीक दाते, काडी घासण्यासाठी. एका बाजूला कडी, साखळीत अडकवण्यासाठी. १८८० पासून पहिल्या महायुद्धापर्यंतचा काळ हा या डब्यांचा भरभराटीचा काळ. बर्मिंगहॅम शहरात त्या ढिगांनी होत. तिथल्या चांदीवर नांगराची खूण असते, शेतीचा नव्हे, जहाजाचा नांगर. शेजारी पाय उचलून चाललेला सिंह. तो सांगतो की हजारात नऊशे पंचवीस भाग चांदी आहे. आणि एक अक्षर असते, त्यावरून डबी कोणत्या वर्षी तपासली गेली ते कळते. एवढ्या तीन-चार ठशांत डबीची सारी जन्मपत्रिका असते. आपल्याकडे माणसाची जन्मपत्रिका खोटी निघेल, पण ही सहसा निघत नाही. भिंगाखाली हे ठसे वाचत बसण्यात माझ्या कित्येक दुपारी गेल्या आहेत. आणि घरातल्या मंडळींनी, म्हातारा निदान उन्हात भटकत नाही, म्हणून त्या मला माफ केल्या आहेत.

पण या चकचकीत डबीच्या पोटात एक काळी गोष्टही आहे. पांढरा फॉस्फरस हे विष. काड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या पोरीबाळींच्या जबड्याची हाडे त्याने सडत. १८८८ साली लंडनमधल्या ब्रायंट अँड मे कंपनीतल्या मुलींनी संप केला. त्यांच्या हालांची दाद जगापुढे मांडणारी बाई कोण, हे सांगितले की आपल्याकडच्या वाचकाला नवल वाटते. त्या अॅनी बेझंट. होय, त्याच, पुढे हिंदुस्थानात येऊन होमरूलची चळवळ करणाऱ्या आणि १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या. पुढे १९०६ साली बर्न येथे युरोपातल्या काही राष्ट्रांनी पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या बंद करण्याचा करार केला आणि १९१३ साली आपल्याकडेही तसा कायदा झाला. तोवर स्वीडनच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी तांबड्या फॉस्फरसची शहाणी काडी रूढ केली होतीच. तिच्यात अर्धी आग काडीच्या टोकाला आणि अर्धी पेटीच्या बाजूला. दोघी भेटल्याशिवाय पेटायचे नाही असा करार. काडी अशी समंजस झाली, आणि चांदीच्या डबीचे कामच संपले. ज्या वस्तूचे काम संपते तिच्याबद्दल मला माया वाटू लागते. निवृत्त माणसाला ती वाटणारच.

आपल्याकडे ही डबी आली ती छावण्यांतून. पुण्याचे लष्कर, खडकी, देवळाली या ठिकाणच्या साहेबांच्या खिशांतून ती आधी सरदार-जहागीरदारांच्या, मग बॅरिस्टर नि व्यापारी मंडळींच्या जाकिटात शिरली. आणि एकदा शिरल्यावर आपल्या कारागिरांनी तिला आपले रूप दिले. भुजच्या उमरसी मावजींच्या घराण्याची पानाफुलांनी गच्च भरलेली चांदी विलायतेत नावाजली गेली होती. पुण्याच्या लष्करातही देवादिकांच्या मूर्ती उठावात काढणारे चांदीकाम होत असे. साहेबाने सिगार पेटवायची आणि डबीवर मोर, हत्ती किंवा साक्षात गजानन!

त्याआधी आपल्याकडे विस्तव नव्हता असे मात्र नाही. धनगराच्या कमरेला बटवा असे. त्यात पोलादाचा तुकडा, गार आणि शेवरीचा कापूस. गारेवर पोलाद आपटायचे, ठिणगी कापसावर झेलायची आणि फुंकर घालायची. माझ्या संग्रहात अशी एक चकमक आहे. चांदीची नसूनही मी तिला पहिल्या जागी ठेवले आहे. घरची बाई तर त्याहून शहाणी. ती रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवी, आणि विझलाच तर पोराला थापटी घेऊन शेजारी पाठवी. विस्तव मागायला जाणे यात शेजारपणाची विचारपूस होत असे. काडेपेटीने ती बंद पाडली. आधी स्वीडनची नि जपानची काडी आली, मग १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी स्थापन झाली आणि अंबरनाथला तिचा कारखाना धूर सोडू लागला. त्याच सुमारास दक्षिणेत अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे भाऊबंद कलकत्त्याला जाऊन काड्या करण्याची विद्या शिकून आले, आणि शिवकाशी गावाचे भाग्य पालटले. काडीपाठोपाठ तिथे फटाके आले. म्हणजे आपली फुलबाजी आणि ती पेटवणारी काडी या एकाच माहेरच्या. काडेपेटीची किंमत कित्येक वर्षे पन्नास पैसे होती. २००७ मध्ये ती रुपया झाली, आणि १ डिसेंबर २०२१ पासून दोन रुपये. चौदा वर्षे भाव न वाढवणारी दुसरी वस्तू मला तरी ठाऊक नाही.

या छंदाचे बाळकडू मला कुठे मिळाले असेल तर ते पुण्यात, केळकर संग्रहालयात. दिनकर केळकर हे १८९६ साली जन्मले आणि १९९० साली गेले. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता करीत. पण त्यांची मोठी कविता लिहिली गेली ती अडकित्त्यांत, दिव्यांत, वज्रींत, पानाच्या डब्यांत आणि कोरीव दारांत. राजवाड्यातली रत्ने जमवणारे पुष्कळ असतात. पण आजीच्या हातातला अडकित्ता हीदेखील जपण्याची वस्तू आहे हे ओळखायला कवीचीच दृष्टी लागते. कोवळ्या वयात गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि पुढे तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. शाळेची मुले घेऊन मी तिथे गेलो की मुले मस्तानी महालापाशी रेंगाळत आणि मी अडकित्त्यांपाशी. हातात धरण्याच्या वस्तूत हात शिल्लक राहतो, असे मला तिथे प्रथम वाटले. घासून गुळगुळीत झालेली मूठ पाहिली की ज्याने ती घासली तो माणूस तिथेच कुठे उभा असावा असा भास होतो.

पुढे मी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाऊ लागलो, मुंबईला गेलो की चोरबाजारात डोकावू लागलो. पण माझ्या निम्म्याहून अधिक डब्या बाजारातल्या नव्हेतच. त्या सोनारांच्या मोडीतून आल्या आहेत. लोक जुने डाग मोडायला आणतात. पैंजण, जोडवी, वाकडे झालेले फुलपात्र, आणि त्यांच्यात एखादी डबी. सोनार ती तागडीत टाकतो, घट वजा करतो आणि पैसे मोजून देतो. मग ती सगळ्यांबरोबर मुशीत जाते. मुशीत गेल्यावर मोर, हत्ती, गजानन, बर्मिंगहॅमचा नांगर आणि ते वर्षाचे अक्षर यांचा एकच चकाकणारा थेंब होतो. मी ज्या सोनारांना सांगून ठेवले आहे, ते एखादी डबी आली की मला निरोप पाठवतात. चांदीच्या भावाने मी ती सोडवून आणतो. घरची मंडळी याला माझे गोरक्षण म्हणतात.

चांदीचा भाव चढू लागला तसे माझे गोरक्षण कठीण होत गेले. २०२५ साली, दिवाळीच्या आधीच, चांदीने किलोला दीड लाखाची पायरी ओलांडली. घराघरांतून कपाटांचे तळ उपसले गेले. दर आठवड्याला निरोप येऊ लागले, आणि मला प्रत्येक वेळी जाणे परवडेना. जी डबी एकशेवीस वर्षे टिकली ती भाव वाढला म्हणूनच मरते, हा न्याय मला मोठा विपरीत वाटतो. वस्तू काडीमोल असते तोवर ती सुखात असते. तिला मोल आले की तिच्या जिवावर बेतते.

जमिनीचेही तसेच आहे, हे मला महाळुंग्याला राहायला आल्यावर कळले. पुणे जिल्ह्यात महाळुंगे एकाहून अधिक. चाकणजवळचे महाळुंगे इंगळे निराळे, हुतात्मा बाबू गेनूंचे आंबेगाव तालुक्यातले महाळुंगे पडवळ निराळे. माझे महाळुंगे मुळशी तालुक्यातले, मुळा नदीच्या काठचे. नाव ऐकले की कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातले महाळुंग आठवावे असे गोड. पलीकडच्या काठाला हिंजवडीचे संगणकवाले, अलीकडे १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधलेली क्रीडानगरी, आणि मध्ये आम्ही. ३० जून २०२१ रोजी गाव पुणे महानगरपालिकेत गेले. मी ज्या इमारतीत नवव्या मजल्यावर राहतो तिथे पूर्वी भाताची खाचरे होती. हे मला त्या खाचरांच्या मालकीणबाईंनीच सांगितले. त्या आमच्याच आवारात, दुसऱ्या मजल्यावर राहतात. जमीन दिली तिच्या बदल्यात मिळालेल्या घरात. वय पंच्याऐंशीच्या पुढे. मी त्यांना मावशी म्हणतो, त्या मला मास्तर म्हणतात.

२०२५ च्या दसऱ्यानंतरची गोष्ट. मावशींचा नातू माझ्याकडे आला. चांगला मुलगा, संगणकाच्या कंपनीत आहे. त्याच्या हातात रुमालात बांधलेली एक डबी होती. "काका, तुम्ही हे जमवता ना? ही आमच्याकडची. आजीची जुनी चांदी मोडून धनत्रयोदशीला लक्ष्मीची मूर्ती करायची आहे. त्यात ही टाकायच्या आधी म्हटलं तुम्हाला दाखवावी."

मी रुमाल सोडला आणि माझा हात जागच्या जागी थांबला. विलायती ठसा एकही नव्हता. पुण्याचे काम. झाकणावर उठावात बसलेला गणपती, सोंडेची वळणे झिजून मऊ झालेली. मागच्या बाजूला कुणाच्या तरी नावाची दोन इंग्रजी अक्षरे, अर्धवट घासून टाकलेली. बुडाचे दाते मात्र कोरे करकरीत, जणू तिच्यावर कुणी काडी घासलीच नव्हती. अशी डबी माझ्या त्रेचाळिसांत नाही. मी ती तोलून पाहिली. बावीस ग्रॅम. त्या दिवशीच्या भावाने चांदी झाली तीन हजार तीनशेच्या घरात, तीही घट न धरता.

खोटे कशाला सांगू, मनात लोभ उभा राहिला. तीन हजार तीनशे रुपये त्याच्या हातात ठेवले असते तर तो आनंदाने गेला असता, आणि मुशीतून सोडवली म्हणून मीही पुण्यवान ठरलो असतो. पण जुन्या वस्तूंचे व्यापारी या डबीला चांदीच्या कितीतरी पट पैसे देतील हे मला ठाऊक होते, आणि त्याला नव्हते. मी त्याला ते सांगितले. त्याचे डोळे मोठे झाले. मग मी म्हटले, "पण आधी ती उघडून पाहू." झाकण मिटलेले, घट्ट. मी नखाने उचलले. आत काड्या नव्हत्या. भाताचे दाणे होते, टरफलासकट. शंभरएक असतील.

आम्ही दोघे ती डबी घेऊन खाली मावशींकडे गेलो. त्या गॅलरीत उन्हाला बसल्या होत्या. डबी पाहून त्या नातवाला म्हणाल्या, "तरीच म्हनलं फडताळात दिसंना." आणि मग त्यांनी जी हकिकत सांगितली ती मी माझ्या भाषेत देतो.

मावशींचे सासरे खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात फाटकावर होते. हा कारखाना १८६९ पासूनचा. दारूचे काम, म्हणून आत जाणाराची झडती होई आणि काडीपेटी बाहेर काढून ठेवावी लागे. मग तो मजूर असो की साहेब. एक गोरा साहेब होता. रोज सकाळी तो ही डबी खिशातून काढून सासऱ्यांच्या हातात देई आणि संध्याकाळी परत घेई. असे किती वर्षे चालले ते मावशींना ठाऊक नाही. त्या तेव्हा या घरात आल्या नव्हत्या. १९४७ साली साहेब विलायतेला निघाला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्याने सासऱ्यांनी पुढे केलेली डबी पाहिली, आणि त्यांचीच मूठ तिच्यावर मिटवली. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, त्यामुळे बोलणे झाले नाही. सासरे विडीही ओढत नव्हते. घरी आल्यावर त्यांनी डबीतल्या काड्या चुलीशी ठेवल्या, डबी घासून पुसून घेतली आणि त्या वर्षीच्या आंबेमोहोराचे मूठभर निवडक दाणे तीत भरले.

मुळशीचा आंबेमोहोर. शिजताना ज्याचा वास आंब्याच्या मोहोरासारखा गल्लीभर सुटतो, आणि ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो. दरवर्षी सुगीला सासरे डबीतले जुने दाणे कोंबड्यांना टाकीत आणि नवे भरीत. "बियानं कनगीत असायचंच की. पन ह्ये देवाचं," असे म्हणत. ते गेल्यावर मावशी भरू लागल्या. मग जमीन गेली. शेवटचे भात निघाले त्या वर्षी त्यांनी दाणे भरले आणि झाकण लावले. पुढे बदलायला दाणेच नव्हते.

"आता ह्ये उगवायचं न्हाई, मला ठावं हाय," मावशी म्हणाल्या. "धा-पंधरा वर्सं झाली. भाताचं बी इतकी वर्सं जगत न्हाई." मग त्यांनी माझ्याकडे पाहून अगदी साधेपणाने विचारले, "मास्तर, डबी तुमी न्या, पोराचं काम व्हईल. पन दानं कुठं ठिवायचं?"

रसायनशास्त्राच्या परीक्षेत मुलांना मी हजारो प्रश्न घातले असतील. या प्रश्नाला मला उत्तर सुचले नाही. माझ्या खणात डबीला जागा होती. मऊ कापडाची, चिठ्ठी लावलेली, चव्वेचाळीस क्रमांकाची. दाण्यांना तिथे जागा नव्हती. दाणे कागदात बांधून शेजारी ठेवले असते तर ते भाताचे शंभर दाणे झाले असते. आणि दाणे काढून घेतल्यावर डबी चांदीचे बावीस ग्रॅम. दोन्ही एकत्र होती तोवरच ती काहीतरी तिसरी गोष्ट होती. मुशीने ती विरघळवली असती, आणि माझ्या खणानेही थोडी निराळ्या तऱ्हेने तेच केले असते. इतकी वर्षे मी सोनाराची मूस आणि माझे कपाट यांना एकमेकांचे शत्रू समजत आलो. त्या दिवशी मावशींच्या गॅलरीत ती मला चुलत भावंडे वाटली.

नातू बराच वेळ काही बोलला नाही. मी सांगितलेला आकडा त्याच्या डोक्यात होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. आणि त्यात गैर काही नाही. घराचे हप्ते त्यालाही आहेत. मग त्याने आजीच्या मांडीवरची डबी उचलली, झाकण लावले, 'टिच्' असा आवाज झाला, आणि तो म्हणाला, "आजी, मूर्ती थोडी लहान करू." एवढेच. धनत्रयोदशीला मला त्यांच्याकडे बोलावणे होते. देव्हाऱ्यात नवी लक्ष्मी, बोटाएवढी. तिच्या पुढ्यात धण्यागुळाची वाटी, आणि वाटीशेजारी गणपतीची डबी. कुणाची तरी समई लावायची राहिली होती. नातसुनेने दोन रुपयांच्या काडेपेटीतली काडी ओढली. डबीच्या कोऱ्या दात्यांकडे माझे लक्ष गेले. काड्यांसाठी जन्मलेल्या त्या डबीने घरात पेरणीची आठवण सांभाळली, आणि काडीने आपले काम शेजारी राहून केले.

माझ्या नोंदवहीत मी चव्वेचाळिसाव्या पानावर तिचे चित्र काढून ठेवले आहे. माप, वजन, गणपतीची सोंड कुठल्या बाजूला, घासलेली दोन अक्षरे. 'कुठे आहे' या रकान्यात मी 'दुसरा मजला' असे लिहिले आहे. त्यानंतर मी आणखी एक गोष्ट सुरू केली. मोडीतून एखादी डबी आली की ती कुठल्या घरातून आली ते सोनाराला विचारतो, आणि ते लोक तयार असतील तर त्यांना भेटून येतो. बहुतेकांना काही सांगता येत नाही. कुणी सांगतो, "आजोबांची होती, एवढंच ठाऊक आहे." एका डबीत कुणाच्या तरी दुधाच्या दाताची पुडी निघाली, तिच्यासकट ती मी परत पोचवली. संग्रह त्यामुळे वाढत नाही. नोंदवही वाढते.

चांदी मोडू नका, असे सांगण्याचा मला अधिकार नाही. चांदी अडीअडचणीसाठीच असते; आपल्या आयाबायांनी ती त्यासाठीच अंगावर बाळगली. मुलीची फी भरायला मोडलेल्या पैंजणांचे पुण्य देव्हाऱ्यातल्या मूर्तीपेक्षा कमी आहे असे मी कधी म्हणणार नाही. विनंती एवढीच की या धनत्रयोदशीच्या आधी तुम्ही फडताळाचा तळ उपसाल, जुने डाग रुमालात बांधाल आणि पेठेत निघाल, तेव्हा दारातच जरा थांबा. डबी असेल तर झाकण उघडून पाहा. आणि घरात जे सर्वांत वडील माणूस असेल त्याच्या हातात ती द्या. सोनाराला वजन सांगता येते. बाकीचे सांगणारे माणूस घरातच असते, आणि ते फार दिवस असत नाही.